बॅशला विचारायचं कुठल्या खिडकीवर?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'मॅन' या माहितीपुस्तिकेच्या कमांडला 'मॅन सीडी' असं विचारलं, तर बऱ्याच यंत्रांवर उत्तर येतं की अशी नोंदच नाही. बॅश शिकायला बसलेला माणूस इथेच चक्रावतो. फोल्डर बदलणारी रोजची कमांड, आणि तिचीच माहिती नाही? (कमांड अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या, इथे उच्चार दिले आहेत.)

माहिती आहे, पण कचेरीत होतं तसं झालंय: कागद बरोबर, खिडकी चुकीची. बॅश हे शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम; तो तुमची ओळ वाचतो आणि पहिला शब्द कुणाचा हे आधी ठरवतो. सीडी, रीड, एक्स्पोर्ट या कमांड त्याच्या स्वतःच्या पोटात आहेत. त्यांना बिल्टइन म्हणतात. इफ, फॉर, व्हाइल हे भाषेचे शब्द. एलएस, ग्रेप, सॉर्ट मात्र डिस्कवर ठेवलेले स्वतंत्र प्रोग्रॅम आहेत, बॅश त्यांना फक्त हाक मारतो. सीडी पोटातच असावी लागते. स्वतंत्र प्रोग्रॅम असती, तर तिने स्वतःपुरतं फोल्डर बदललं असतं आणि ती संपली असती; तुमचं शेल होतं तिथेच राहिलं असतं.

म्हणून पहिला प्रश्न 'टाइप' या कमांडला करायचा. 'टाइप सीडी' म्हटलं की ती बिल्टइन असल्याचं कळतं, 'टाइप इफ' म्हटलं की कीवर्ड, आणि 'टाइप सॉर्ट' म्हटलं की डिस्कवरचा पत्ता मिळतो. पहिल्या दोघांसाठी 'हेल्प', तिसऱ्यासाठी 'मॅन'. इको दोन्हीकडे असते. 'मॅन इको' स्वतंत्र प्रोग्रॅमची माहिती देतं आणि प्रत्यक्षात चालते बिल्टइन! पुस्तकातला पर्याय चालत नाही, तेव्हा कारण बहुधा असंच काहीतरी असतं. मॅकवर आणखी एक पेच आहे. तिथे 2019 पासून मुख्य शेल झेडशेल आहे, आणि सोबत येणारा बॅश 3.2 इतका जुना आहे. आधी 'बॅश' टाइप करून त्यात शिरा, नाहीतर 'हेल्प' सापडणार नाही.

मॅनची पानं रुक्ष आहेत, हे मान्य. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका नोव्हेंबर 1971 ची, आणि त्या पानांचा साचा अजून फारसा बदललेला नाही. पान पहिल्यापासून वाचत बसू नका. वरचा सारांश बघा: चौकटी कंसातलं ऐच्छिक, तीन टिंबं म्हणजे पुन्हा पुन्हा देता येईल असं. मग तिरकी रेघ देऊन हवा तो शब्द शोधा, 'एन'ने पुढे जा, 'क्यू'ने बाहेर पडा. कमांडचं नावच आठवत नसेल, तर 'मॅन -के' आणि कामाशी संबंधित इंग्रजी शब्द द्या. इंग्रजी जड जात असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजातही आहेत. चॅटबॉटला विचारायलाही हरकत नाही, पण त्याने सांगितलेला पर्याय आपल्या यंत्रावरच्या मॅन पानात आहे का, ते बघून मगच वापरा.

इथवर प्रश्न तुम्हाला सुचला होता. खरी गोची होते ती प्रश्नच सुचत नाही तेव्हा. त्यासाठी शेलचेक हे मोफत साधन पहिल्याच आठवड्यात बसवून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते स्क्रिप्ट, म्हणजे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या कमांड, न चालवता वाचतं आणि प्रत्येक चुकीला क्रमांक देतं. नवशिक्यांना बहुधा भेटतो तो एससी 2086: व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हं नाहीत. फाइलचं नाव 'लग्नाचे फोटो' असेल, तर अवतरणाविना बॅश त्याचे दोन शब्द करतो, आणि आरएम 'लग्नाचे' व 'फोटो' या दोन वेगळ्या फाइली पुसायला निघते. 'फोटो' नावाची दुसरी फाइल तिथे असेल, तर ती गेलीच.

तरीही स्क्रिप्ट भलतंच वागली, तर 'बॅश -एक्स' लावून चालवा. व्हेरिएबलच्या जागी किंमत भरल्यावर प्रत्येक कमांड नेमकी कशी दिसते, ते अधिकचिन्ह लावून समोर छापलं जातं. मात्र त्या वेळी कमांड खरोखरच चालतात. आरएम किंवा फाइल हलवणारी एमव्ही असलेली स्क्रिप्ट पहिल्यांदा चालवताना त्या कमांडपुढे इको लिहा, छापलेली ओळ वाचा, आणि ती बरोबर वाटली तरच इको काढा.