घराआधी जागा पाहा

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आजकाल पुष्कळ लोक घर बांधत नाहीत, तयार घर विकत घेतात. भिंतींचा रंग आवडला नाही तर तो बदलता येतो, फरशी बदलता येते. पण घर ज्या जागेवर उभे आहे ती जागा काही केल्या बदलता येत नाही. म्हणून परीक्षा घ्यायची ती आधी जागेची. या परीक्षेला लागणारे बरेचसे भौतिकशास्त्र तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण आणि भाऊजी पुण्याजवळ एक बैठे घर घेणार होते. मीही बरोबर गेलो. एप्रिलमधली दुपार. घर टुमदार होते, किंमतही बेताची. मागच्या अंगणापलीकडे एक ओढा, अगदी ठणठणीत कोरडा. दलाल हसून म्हणाला, “पाण्याची भीतीच नको साहेब, पोरं त्यात क्रिकेट खेळतात!” बँकेचे वीस वर्षांचे कर्ज मंजूर होत आले होते. दुसऱ्या दिवशी विसार द्यायचा होता.

नववीतली माझी भाची ओढ्याकाठच्या बाभळीकडे पाहत उभी होती. ती म्हणाली, “मामा, ही चिंधी झाडावर कशी चढली?”

“वाऱ्याने उडाली असेल,” भाऊजी म्हणाले.

आम्ही जवळ जाऊन पाहिले. चिंधीबरोबर वाळके गवत होते, काटक्या होत्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. शेजारच्या दोन झाडांवरही तसाच कचरा अडकला होता, आणि तोही जवळजवळ एकाच उंचीवर, ओढा जिकडून येतो त्याच बाजूला! आता विचार करा. वारा कचरा कुठेही, कोणत्याही उंचीवर टाकील. एका उंचीवर तो मांडून ठेवणारा एकच. तो म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. पुराने आपली सही झाडांवर करून ठेवली होती.

पण ही सही घराच्या उंबरठ्यापेक्षा वर की खाली? नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येत नाही, कारण उतारावर नजर फसते. शेजारी एक बांधकाम चालू होते. तिथल्या गवंड्याकडून आम्ही लेव्हलची नळी मागून आणली. ही एक साधी पारदर्शक नळी असते आणि तिच्यात पाणी भरलेले असते. दोन्ही टोके उघडी ठेवली की दोन्हींवर हवेचा दाब सारखाच पडतो, म्हणून दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीवर येऊन थांबते. मधे नळीला कितीही वळणे पडोत, काही बिघडत नाही. आत हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये.

घराच्या बरोबर समोरचे झाड आम्ही निवडले. पूर वाहत असताना पाण्याला उतार असतो. दूरचे, वरच्या अंगाचे झाड घेतले असते तर माप चुकले असते. नळीचे एक टोक भाचीने कचऱ्याच्या खुणेशी धरले, दुसरे मी. घर नळीच्या लांबीपेक्षा दूर होते, तेव्हा मधे काठ्या रोवून, त्यांवर खडूने खुणा करत आम्ही टप्प्याटप्प्याने पुढे गेलो. शेवटची खूण दाराच्या चौकटीवर आली. टेपने मोजले. खूण उंबरठ्याच्या ५२ सेंटिमीटर वर होती! म्हणजे तसाच पूर पुन्हा आला तर घरात गुडघाभर पाणी.

“पण असा पूर रोज का येतो?” भाऊजींनी विचारले. प्रश्न योग्य होता. नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. समजा, आमच्या बाभळीवरची खूण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आहे. मग एखाद्या वर्षी तो न येण्याची शक्यता २५ पैकी २४, म्हणजे ०.९६. सलग २० वर्षे तो न येण्याची शक्यता काढायची तर ०.९६ हा आकडा वीस वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर सुमारे ०.४४ येते. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी घरात पाणी शिरण्याची शक्यता १०० पैकी ५६, निम्म्याहून अधिक!

शिवाय वरच्या अंगाला इमारती आणि सिमेंटचे रस्ते वाढले की जमिनीत मुरणारे पाणी थेट ओढ्यात येते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे दर चौरस मीटरवर ९४४ लिटर पाणी. ते मुरले नाही तर जाणार कुठे?

विसार दिला गेला नाही. बहिणीने नंतर चढावरचे, एक खोली कमी असलेले घर घेतले. त्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला नाही आणि भाऊजींनी माझी थट्टाही केली. त्यांचेही चुकले नाही. विज्ञान पुराची तारीख सांगत नाही, जोखीम किती ते सांगते. ती पत्करायची की नाही, हे आपण ठरवायचे.

नवे घर मात्र आम्ही तीन वेळा पाहिले. एकदा उन्हाळ्यात दुपारी चारला, कारण मावळतीकडचा सूर्य खाली असतो, त्याला छज्जा अडवू शकत नाही. आणि पश्चिमेची तापलेली भिंत ती उष्णता रात्री खोलीत सोडते. एकदा रात्री, कारण निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेहून थंड होते, त्यामुळे ध्वनी खाली वळतो आणि दूरच्या रस्त्याचा आवाजही जवळ येतो. आणि एकदा भर पावसात.

तुमच्या घराजवळ ओढा किंवा नाला असेल तर मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, पाणी नसताना पुराची सही शोधा. गवंड्याची नळी मिळवा आणि तुमचा उंबरठा तिच्या वर आहे की खाली, ते मोजून पाहा.