वाळूतून उकरलेली बॅब्स

विमानाचं इंजिन गाडीत बसतं का? बसतं की! पहिल्या महायुद्धानंतर अशी इंजिनं स्वस्तात मिळायची. ‘बॅब्स’मध्ये होतं १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं लिबर्टी. म्हणजे १५० सीसीच्या बाइकच्या १८० पट! मागची चाकं चक्क साखळ्यांवर फिरायची.

१९२७ मध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर वेगाचा विक्रम करायला गेलेला पॅरी-थॉमस हिच्यातच गेला. गाडी तिथेच वाळूत पुरली.

१९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या हौशी माणसाने ती उकरली. ४२ वर्षांचा गंज! मला आजोबांच्या लूनाचा कार्ब्युरेटर साफ करताना रडू आलं होतं. याने वर्षानुवर्षं खपून बॅब्स पुन्हा चालवली.

थडगं उकरल्यासारखं वाटतं? मलाही आधी वाटलं. पण ते इंजिन सुरू झालेलं ऐकलं आणि मत बदललं.