गंगाखेडला जाणारं गिऱ्हाईक गावात कसं थांबेल?

लेखमाला : गावचं दुकान, मोबाइलवरची पेठ – लेखांक चौथा

बालाघाटाच्या चढाउतारांवरून राणीसावरगावकडे येणाऱ्या माणसाची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली, तर तो पहिल्यांदा खिशातला मोबाइल काढतो आणि 'जवळचं पंक्चर दुकान' असं बोलून विचारतो. मोबाइल जी दुकानं दाखवील तेवढीच त्या भागात आहेत, असं तो धरून चालतो. फाट्यावर हवेचं मशीन लावून बसलेल्या माणसाची नकाशावर नोंद नसेल, तर तो माणूस त्याला अर्ध्या किलोमीटरवर असूनही सापडत नाही. मोबाइल गंगाखेडचं किंवा अहमदपूरचं दुकान दाखवतो आणि हा गडी कुणाच्या तरी टेम्पोत गाडी टाकून तिकडे जातो.

गेल्या तीन लेखांत आपण उधारीची वही, यूपीआय आणि मालाचा हिशेब पाहिला. हा लेख दुकान दिसण्याविषयी आहे. गावातल्या दुकानदाराला हा विषय सांगितला की तो रास्त प्रश्न विचारतो : "मला सगळं गाव ओळखतं. मी इंटरनेटवर कशाला पाहिजे?" गावासाठी नकोच. पण राणीसावरगावात रोज गावाबाहेरची माणसं येतात. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला येणारी कुटुंबं येतात. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं बाजाराला येतात. बदली होऊन आलेले शिक्षक आणि बँकेतले कर्मचारी असतात. शिवाय पुण्यात, मुंबईत नोकरीला गेलेली गावचीच मुलं आहेत. उन्हाळ्यात आईसाठी पंखा घ्यायचा तर अशा मुलाला गावातलंच दुकान हवं असतं, कारण पंखा बिघडला तर बघायला तिथला माणूस येईल. पैसे तो पुण्यात बसून यूपीआयने पाठवू शकतो. अडतं कुठं, तर त्या दुकानाचा नंबर त्याच्याकडे नसतो. मग तो ऑनलाइन मागवतो आणि गावातल्या दुकानाची विक्री जाते.

गूगल जवळपासची दुकानं कोणत्या क्रमाने दाखवतं, हे त्यानेच सांगितलं आहे. तीन गोष्टी बघितल्या जातात : माणसाने जे विचारलं ते तुमच्याकडे मिळतं का, तो तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुमच्या दुकानाची ओळख किती पसरलेली आहे. या क्रमात वर येण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. पुण्यात मोटार रिवायंडिंगची दुकानं इतकी आहेत की नवा माणूस यादीत खाली कुठं तरी पडतो. राणीसावरगावात अशी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. अंतर तुमच्या बाजूने आहे आणि स्पर्धा जवळजवळ नाही. नीट भरलेली एक नोंद इथं जे काम करील, ते शहरात पैसे ओतूनही सहज होत नाही. लहान गावाला मिळालेला हा मोठा फायदा आहे आणि तो वाया जाताना बघून मला मनापासून वाईट वाटतं.

या नोंदीला पूर्वी 'गूगल माय बिझनेस' म्हणत. ती सोय २०१४ साली सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचं नाव 'गूगल बिझनेस प्रोफाइल' झालं. तिचं वेगळं अ‍ॅप आता नाही, त्यामुळे ते शोधू नका. फोनमधल्या गूगल मॅप्समधूनच नोंद करता येते. खर्च शून्य. लागतो तो एक जीमेल आणि निवांत दुपार.

नावापासून सुरुवात करू. पाटीवर जे नाव आहे तेच टाकायचं. 'रेणुका इलेक्ट्रिकल्स स्वस्त आणि मस्त मोटार दुरुस्ती गंगाखेड' असली लांबण लावली तर ती नियमात बसत नाही आणि नोंद बंद पडू शकते. काय काम करता ते सांगायला 'कॅटेगरी' आहे. एक मुख्य आणि तिच्या जोडीला आणखी नऊ निवडता येतात. त्याखाली ७५० अक्षरांत दुकानाची माहिती लिहायची असते. ती मराठीत लिहा आणि गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं ते शब्द तिच्यात येऊ द्या. शेतकरी 'सबमर्सिबल पंप सर्व्हिसिंग' असं बोलत नाही. तो म्हणतो, "बोअरची मोटार जळाली."

गावाच्या नावाकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. महाराष्ट्रात सावरगाव नावाची गावं पुष्कळ आहेत. भगवानभक्तिगडाचं सावरगाव घाट तर शेजारच्या बीड जिल्ह्यातच आहे. नुसतं 'सावरगाव' लिहिलं तर गिऱ्हाईक भलतीकडे जाण्याची भीती. त्यातून आपलं गाव कुणी एक शब्द करून लिहितं, कुणी दोन. इंग्रजीत कुणी 'व्ही' घालतं, कुणी 'डब्ल्यू'. पत्त्यात एकच रूप ठरवा आणि पुढे 'ता. गंगाखेड, जि. परभणी' न विसरता जोडा. माहितीच्या मजकुरात दुसरं रूपही एकदा येऊ द्या. हेच नाव, हाच पत्ता, हाच मोबाइल नंबर बिलबुकावर, पिशवीवर, फ्लेक्सवर आणि जस्टडायलच्या मोफत नोंदीतही ठेवा. एका ठिकाणी जुना नंबर राहिला, तर तोच नेमका कुणाला तरी सापडतो.

शहरात घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव असतं. आपल्याकडे पत्ता म्हणजे 'बसस्थानकासमोर', 'देवळाच्या मागं', 'मोंढ्याच्या कोपऱ्यावर'. म्हणून अक्षरी पत्त्यापेक्षा नकाशावरची पिन महत्त्वाची. पत्ता टाकल्यावर नकाशा पुष्कळदा गावाच्या मधोमध कुठं तरी पिन ठेवतो. ती बोटाने ओढून थेट शटरवर आणायची. उपग्रहाचं चित्र चालू केलं की आपलं पत्र्याचं छत ओळखू येतं. ज्यांचं काम दुकानात नसून लोकांच्या दारात असतं, म्हणजे मंडपवाले, बोअरच्या मोटारी काढणारे, सुतार, आचारी, त्यांना पत्ता लपवून फक्त कामाची गावं दाखवता येतात. अशी वीसपर्यंत ठिकाणं टाकता येतात. आचाऱ्याला घरचा पत्ता जगाला सांगायची गरज नाही, पण पालमपासून गंगाखेडपर्यंत आपण जातो हे तो सांगू शकतो.

यानंतर पडताळणी. पूर्वी पोस्टाने कार्ड येत असे. आता बहुतेकांना व्हिडिओ काढायला सांगतात. कोणती पद्धत मिळेल ते गूगल ठरवतं. व्हिडिओ सलग हवा, मध्ये कापाकापी चालत नाही आणि तो किमान ३० सेकंदांचा असावा लागतो. त्यात तीन गोष्टी दिसाव्या लागतात. आधी रस्ता आणि शेजारची ओळखीची खूण, मग पाटी आणि आतला माल, आणि शेवटी हे दुकान तुमचंच आहे याची खात्री. किल्लीने शटर उघडून दाखवा किंवा गल्ल्यामागे जाऊन उभे राहा, तेवढं पुरतं. गिऱ्हाइकांचे चेहरे आणि बँकेची कागदपत्रं त्यात येऊ देऊ नका. रेंज चांगली असेल अशा वेळी हे करा, नाही तर व्हिडिओ चढता चढता अडकतो. त्यानंतर तपासणीला काही दिवस लागतात.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगतो, कारण गावोगाव सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. नोंद कुणाच्या जीमेलवर आहे? दुकान वडिलांचं असतं, मोबाइलचं काम पुतण्या करतो, किंवा बाजारातला नेटकॅफेवाला 'मी करून देतो' म्हणतो आणि स्वतःच्या जीमेलवरून नोंद उघडतो. दोन वर्षांनी पुतण्या चाकणला कंपनीत लागतो, नेटकॅफे बंद होतो. दुकानाचा नंबर बदलतो आणि तो बदलायला कुणीच उरत नाही. चुकीचा नंबर तसाच दिसत राहतो. म्हणून दुकानाच्या नावाचा वेगळा जीमेल काढा, त्याचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहा आणि मुख्य मालकी त्यावरच ठेवा. पुतण्याला 'मॅनेजर' करा. त्याला फोटो टाकता येतील, वेळ बदलता येईल, पण मालकी तुमच्याकडेच राहील. नोंद आधीच दुसऱ्याच्या हातात गेली असेल, तर तिच्या पानावरून मालकी मागण्याचा अर्ज करता येतो. समोरच्याला उत्तरासाठी तीन दिवस असतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर पुष्कळदा स्वतःची ओळख पटवून पुढे जाता येतं.

वेळ हा दुसरा नाजूक मुद्दा. 'उघडं आहे' असं वाचून एखादा माणूस तांड्यावरून दहा किलोमीटर आला आणि शटर बंद दिसलं, तर तो परत येत नाही आणि चार जणांना सांगतो. पोळा, नवरात्र, दिवाळी अशा दिवसांसाठी सुट्टीची वेळ आधीच भरून ठेवायची सोय आहे. दुपारी जेवायला घरी जात असाल तर एका दिवसाच्या दोन वेळा लिहिता येतात. आठवडी बाजाराच्या दिवशी जास्त वेळ उघडं असेल, तर तेही लिहा.

फोटोंसाठी छायाचित्रकार नको. सकाळच्या उजेडात रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानाची पाटी दिसेल असे फोटो काढा, कारण नवखा माणूस त्यावरूनच दुकान ओळखतो. आतल्या मालाचे चार-पाच फोटो पुरेत. इंटरनेटवरून उचललेली चकचकीत चित्रं टाकू नका.

लोकांचे अभिप्राय, ज्यांना सगळे रिव्ह्यू म्हणतात, ते मागायला लाजू नका. काम चांगलं झाल्यावर, गिऱ्हाईक समोर असतानाच सांगा : "दोन ओळी लिहा, काय काम केलं तेवढं लिहा." 'छान' या एका शब्दापेक्षा 'जळालेली मोटार दुसऱ्या दिवशी भरून दिली' हे वाक्य पुढच्या शेतकऱ्याला उपयोगी पडतं. अभिप्रायाची लिंक नोंदीतच मिळते. तिचा क्यूआर छापून गल्ल्याजवळ चिकटवता येतो. पण अभिप्रायाच्या बदल्यात सूट द्यायची नाही, विकतचे अभिप्राय घ्यायचे नाहीत, नातेवाइकांकडून रतीब घालायचा नाही. गूगलच्या नियमात हे बसत नाही. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, ते अशा खोट्या अभिप्रायांना आळा घालण्यासाठीच. कुणी वाईट लिहिलं तर भांडू नका. काय घडलं ते दोन ओळींत सांगा, दुरुस्त करण्याची तयारी दाखवा आणि थांबा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढे वाचणाऱ्या शंभर जणांसाठी असतं.

नोंद झाल्यावर तिच्यावर काय टाकायचं, याचं उत्तर मराठी उद्योगाच्या इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या कारखान्यात बनणारा लोखंडी नांगर तेव्हा शेतकऱ्याला परका होता, त्याने जमीन खराब होते अशी धास्ती होती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत नेणारं ते छोटं पत्रक होतं. त्यात वाचकाच्या उपयोगाचा मजकूर वाढत गेला आणि पुढे त्यातून मराठीतलं एक मोठं मासिक उभं राहिलं. आजच्या मोबाइलवर ती खबर काढायला छापखाना लागत नाही. कृषी सेवा केंद्राने जूनमध्ये नोंदीवर 'अपडेट' टाकावं : परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ सोयाबीन बियाणं आलं आहे, पिशवीचा भाव इतका, पेरणीआधी घरी उगवण तपासायची ती अशी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि किती उगवले ते मोजा. हे वाचून शेतकरी दुकान लक्षात ठेवतो. 'एक वेळ अवश्य भेट द्या' हे वाचून कुणी काही लक्षात ठेवत नाही.

नोंद दिसू लागली की फोन येऊ लागतील : "गूगलमधून बोलतोय, तुमचं दुकान पहिल्या नंबरला आणतो, वर्षाचे इतके भरा." गूगल नोंदीचे पैसे मागत नाही आणि पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही. मोबाइलवर आलेला कोड तर कुणालाच सांगू नका, त्याने नोंद दुसऱ्याच्या हातात जाते. 'गूगलची मोफत वेबसाइट काढून देतो' असं सांगणाऱ्यालाही नमस्कार करा. या नोंदीसोबत मिळणारी मोफत वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली आहे. किराणा, गिरणी, टेलरिंग, खाणावळ यांना स्वतःच्या वेबसाइटची सध्या गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. बाहेरगावी माल पाठवणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

नोंदीवरून आलेला फोन दुकानातल्या माणसाने उचलला पाहिजे. तिथं मुलाचा कॉलेजचा नंबर देऊ नका. दुकानासाठी वेगळं सिम घेतलंत तर त्याच नंबरावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस चालवता येईल. हे मोफत अ‍ॅप २०१८ पासून आपल्याकडे आहे. मालाची यादी, भाव, फोटो त्यात कसे मांडायचे, आणि ब्रॉडकास्टचा निरोप फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच का पोचतो, हे पुढच्या आठवड्यात. तोवर जीमेल काढून पिन शटरवर आणून ठेवा, म्हणजे पडताळणीचे दिवस मधल्या काळात निघून जातील.