वादळ येतंय, गाडी कुठे न्यायची?

२ जून २०२०च्या सकाळी श्रीवर्धनहून भाच्याचा फोन आला. "मामा, तुमच्याकडे कोंडाण्याला येऊ का? सगळे गाडीतूनच येतो." जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्याने तिच्यात झोपायची बाकं, शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवलं होतं. कुठेही उभी केली की तेच घर, अशी त्याची समजूत. मी म्हटलं, "ये, पण जेवायला थांबू नकोस, आत्ताच निघ. आणि कोंडाण्याला नको, कर्जतला ये."

किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं, समुद्र पाठीमागे टाकला की सुटलो. कर्जतजवळचं आमचं कोंडाणे समुद्रापासून लांब आहे हे खरं. पण आमच्या डोक्यावर राजमाचीचा डोंगर आणि पायाशी उल्हास नदी. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पाणी इकडे उतरतं. पुढे खाली ही नदी काय करते, ते २७ जुलै २०१९ला सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. वादळापासून पळून डोंगराच्या पायथ्याशी, नदीच्या काठाशी गाडी लावणं म्हणजे एक धोका सोडून दुसऱ्याच्या दारात जाणं.

मग पुण्याकडे का नाही? लॉकडाऊनमुळे जिल्ह्याबाहेर जायला तेव्हा ई-पास लागत होता, हे एक कारण. मोठं कारण वेगळं होतं. किनारा ओलांडल्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ ईशान्येकडे सरकेल, असा हवामान खात्याचा अंदाज होता. म्हणजे बोरघाट चढणारा माणूस वादळाच्या पुढे त्याच दिशेने धावणार, तेही उंच गाडी घेऊन उघड्या घाटात. तसंच झालं. मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगावात पॉलिहाऊस आणि घरांचे पत्रे उडाले.

वादळाची रेषा चुकवून नेमकं बाजूला सरकता येईल, असंही समजू नये. सुरुवातीच्या अंदाजात हरिहरेश्वर ते दमण एवढा लांब किनारा होता, नंतर तो अलिबागच्या आसपास आला. ३ जूनच्या दुपारी वादळ जमिनीवर आलं आणि सर्वांत जास्त मार श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड भागाला बसला. आपल्या गोलार्धात पुढे सरकणाऱ्या वादळाच्या उजव्या हाताला वारा अधिक असतो, कारण तिथे वादळाच्या फिरण्यात त्याच्या चालीचा वेगही मिसळतो. त्यामुळे दापोलीसुद्धा झोडपली गेली आणि डाव्या हाताची मुंबई बरीच वाचली. अमेरिकेत २०१७ साली इर्मा वादळाच्या वेळी फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे अनेक जण पश्चिमेला गेले, आणि वादळानेही वाट बदलून पश्चिम किनारा धरला. म्हणून मी भाच्याला रेषा पाहू नकोस म्हटलं. पाण्यापासून अंतर, डोंगर-नदीपासून अंतर आणि स्लॅबची इमारत, एवढंच पाहायचं. कर्जतला आमच्या नात्यातलं असं घर होतं.

म्हसळा, माणगाव, वाकण, पाली, खोपोली अशा रस्त्याने तो दिवस मावळायच्या आत पोहोचला. गाडी आंब्याखाली सावलीत लावायला निघाला तेव्हा मी अडवलं. झाड, विजेचा खांब, होर्डिंग, कच्ची भिंत यांच्यापासून लांब, इमारतीच्या आडोशाला लावायला सांगितली. टाकी भरलेली ठेवली, सिलिंडर बंद करून काढला, छतावरचं सामान उतरवलं. मग सगळ्यांना घरात झोपायला नेलं. "गाडीत काय होतं, मामा?" म्हणून तो कुरकुरला, तेव्हा त्याला हिशेब सांगितला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. साठच्या वाऱ्यात डुलणारी गाडी एकशे वीसच्या वाऱ्यात उलटू शकते. तोंड वाऱ्याकडे करून लावली तरी भरवसा नाही, कारण वादळ सरकताना वारा दिशा बदलतो. फ्लोरिडात तर चाकांवरच्या घरात राहणाऱ्यांना सर्वांत आधी बाहेर काढतात, ते किनाऱ्यापासून आत राहत असले तरी.

अशा गाडीचा खरा उपयोग आधी आणि नंतर. आधी, कारण सामानासकट लवकर निघता येतं. नंतर, कारण श्रीवर्धनकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा तिथल्या माणसांना पाणी आणि शिजवायची सोय याच गाडीने दिली. जाताना डिझेल भरून घेतलं होतं, कारण वीज नसली की पंपही बंद पडतात.

आता कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि कॅम्पिंगच्या जागा पुष्कळ झाल्या आहेत. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. नदीकाठची, डोंगराच्या कुशीतली जागा पर्यटकाला आवडते, हे मला समजतं. पण २०२१च्या जुलैत महाड तालुक्यातलं तळिये आणि १९ जुलै २०२३च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा कुठलं चक्रीवादळ नव्हतं, नुसता पाऊस होता. जागा भाड्याने देणाऱ्यांनी पावसाळ्यात गाडी कुठे उभी करायची नाही, हे आधी सांगावं.

हवामान खातं वादळाचा इशारा साधारण ४८ तास आधी देतं, पुढचा पक्का इशारा २४ तासांवर येतो. चाकांवरच्या घरात असाल तर पहिल्याच इशाऱ्याला निघा. आणि रस्ता उघडा आहे की नाही, हे जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारून मगच चाक हलवा.