‘विश्व हे होलोग्राम आहे’ : एका रूपकाचा अर्थ

या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय जाहीर झाला, तेव्हा काही माजी विद्यार्थ्यांनी मला विचारले, “सर, आपण मराठीचे प्राध्यापक, विश्वरचनेच्या वाटेला कशाला जाता?” शंका रास्त आहे. भौतिकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु ‘विश्व हे होलोग्राम आहे’ हे वाक्य प्रथम वाचले, तेव्हा माझ्यातला भाषेचा शिक्षक जागा झाला. हे रूपक आहे, आणि रूपकाची परीक्षा कशी करावी हे आपल्या अलंकारशास्त्राने शिकविले आहे. उपमेय कोणते, उपमान कोणते, आणि दोहोंतील साधारण धर्म कोणता? मुखाला चंद्र म्हणताना आल्हादकता तेवढी घ्यायची. डाग घ्यायचा नाही. तीच कसोटी येथे लावू.

प्रथम उपमान. होलोग्रामची कल्पना हंगेरीत जन्मलेल्या डेनिस गॅबर यांना इंग्लंडमध्ये १९४७ साली सुचली. तिच्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या छायाचित्रात प्रकाशाची तीव्रता तेवढी नोंदली जाते. होलोग्राममध्ये प्रकाशलहरींची कलाही, म्हणजे लहर आंदोलनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हेही, नोंदले जाते. एकाच लेसर किरणाचे दोन भाग करतात. एक वस्तूवरून परावर्तित होऊन काचपट्टीवर येतो, दुसरा थेट येतो. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून पट्टीवर अतिसूक्ष्म रेषांचे जाळे उमटते. नुसत्या डोळ्यांना त्यात वस्तूचा मागमूसही दिसत नाही. परंतु योग्य प्रकाश टाकताच ती वस्तू खोलीसह उभी राहते. मान हलविली तर तिच्या आडची बाजूही दिसू लागते. आपल्या प्रमाणपत्रांवरील चकचकीत चिकटपट्टी हे याच कुळातले धाकटे भावंड. तात्पर्य, लांबी, रुंदी आणि खोली या तीन मितींचा तपशील दोनच मितींच्या पृष्ठावर साठविता येतो.

आता उपमेय. विश्वाचा आणि पृष्ठाचा संबंध कृष्णविवरांच्या अभ्यासातून पुढे आला. वस्तूच्या आतील सूक्ष्म रचना किती निरनिराळ्या प्रकारांनी असू शकेल, याच्या मोजमापाला एन्ट्रॉपी म्हणतात. वस्तूत दडलेल्या माहितीचे ते माप होय. निसर्गाचा नियम असा, की विश्वाची एकूण एन्ट्रॉपी कमी होत नाही. मग गरम चहाचा पेला कृष्णविवरात टाकला, तर त्याची एन्ट्रॉपी कोठे गेली? प्रिन्स्टन येथील तरुण संशोधक जेकब बेकेनस्टाइन यांनी १९७२ मध्ये उत्तर दिले, की कृष्णविवरालाच एन्ट्रॉपी असते, आणि ती त्याच्या घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जेथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. स्टीफन हॉकिंग यांना हे प्रथम मान्य नव्हते; पण १९७४ मध्ये त्यांच्याच गणिताने बेकेनस्टाइन यांना दुजोरा दिला.

यातले नवल एका परिचित उदाहरणाने कळेल. शाळेच्या ग्रंथालयाची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली, तर पुस्तके आठपट मावतील असे आपण म्हणू, कारण घनफळ आठपट होते. परंतु माहिती अधिकाधिक दाटीने ठासत गेलो, तर वस्तुमान वाढत जाऊन अखेर त्या खोलीचेच कृष्णविवर होईल. त्या कमाल मर्यादेला क्षमता घनफळावर नव्हे, तर क्षेत्रफळावर ठरते. दुप्पट मापांच्या खोलीत आठपट नव्हे, चौपटच माहिती मावते. ही मर्यादा प्लँक लांबीच्या मापाने सांगतात. ती मीटरमध्ये लिहायची तर दशांशचिन्हापुढे ३४ शून्ये देऊन मग १६ लिहावे लागतात. म्हणून रोजच्या व्यवहारात आपण या मर्यादेच्या जवळपासही जात नाही.

यावरून डच शास्त्रज्ञ गेरार्ड ’ट हूफ्ट यांनी १९९३ मध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेच्या लेनर्ड ससकिंड यांनी असे सुचविले, की अवकाशाच्या एखाद्या भागात जे घडते त्याचे संपूर्ण वर्णन त्या भागाच्या सीमापृष्ठावर करता यावे. हाच तो साधारण धर्म : जितका ऐवज आत, तितकी नोंद पृष्ठावर. १९९७ मध्ये मूळचे अर्जेंटिनाचे हुआन माल्दासेना यांनी याचे एक नेमके उदाहरण मांडले. विशिष्ट ऋण वक्रतेच्या एका अवकाशात गुरुत्वाकर्षणासह चालणारे भौतिकशास्त्र, आणि त्या अवकाशाच्या सीमेवर एक मिती कमी असलेले व गुरुत्वाकर्षण मुळीच नसलेले भौतिकशास्त्र, ही एकाच गोष्टीची दोन भाषांतील वर्णने होत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. याचा व्यवहारही फलदायी ठरला. २००७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिराज मिनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोशाच्या आधारे गुरुत्वाकर्षणाची समीकरणे आणि प्रवाही द्रवाची समीकरणे यांचे नाते उलगडून दाखविले.

आता डाग वगळण्याची वेळ. पहिली गोष्ट, माल्दासेना यांचे अवकाश आपले नव्हे. आपले विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावत आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांवरून दिसून आले. त्या अवकाशासारखी सीमा आपल्या विश्वाला लाभलेली नाही. म्हणून आपल्या विश्वाबाबत हे तत्त्व अद्याप सिद्ध नाही. दुसरी गोष्ट, फुटलेल्या होलोग्रामच्या तुकड्यातही संपूर्ण वस्तू काहीशी अस्पष्ट दिसते. हा धर्म मनोहर आहे, पण या सिद्धांतात तो अभिप्रेत नाही. तिसरी गोष्ट, कोठेतरी कोणी प्रकाश टाकतो आहे आणि आपण त्याची पडछाया आहोत, असेही येथे म्हटलेले नाही. एकच कथा मराठीत आणि कन्नडमध्ये सांगितली, तर एक खरी आणि दुसरी आभास ठरत नाही.

येथेच मला भय वाटते. ‘जग माया आहे हे आपल्या पूर्वजांनी आधीच सांगितले होते’ हे वाक्य अशा विषयावरील सभेत टाळ्या घेते. परंतु वेदान्ताचा मायावाद जीवाच्या बंधनाचा आणि मोक्षाचा विचार करतो. त्याची कसोटी अनुभूती. होलोग्राम तत्त्व माहितीच्या मापाचा विचार करते; त्याची कसोटी गणित आणि निरीक्षण. दोघांना एका दावणीला बांधले, की दोघांचाही अपमान होतो. आपल्या शाळेत गणिताच्या तासाला उत्तर बरोबर आले तरी रीत नसेल, तर पूर्ण गुण मिळत नसत. पूर्वजांच्या नावावर उत्तर जमा करताना आपण त्यांची रीत पाहत नाही, आणि बेकेनस्टाइन यांचीही पाहत नाही.

रूपक हे अज्ञाताकडे नेणारे दार आहे. पण दारातच बैठक मारली, तर घर पाहायचे राहून जाते. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांनी आपल्याला शब्द दिले आणि शब्द तपासण्याची सवयही दिली. ‘विश्व हे होलोग्राम आहे’ असे उद्या कोणी म्हणाले, तर आपण नम्रपणे एवढेच विचारावे : साधारण धर्म कोणता?