नक्की किती वेळात पोचेल?

नेटवर्किंगच्या तासाला फळ्यावर एक आडवी रेघ आणि तिला लटकलेले चार चौकोन काढले जातात. तुम्ही कॉम्प्युटर सायन्स केलं असेल तर ही आकृती आठवेल. रेघ म्हणजे जुनी इथरनेटची केबल, चौकोन म्हणजे कॉम्प्युटर. दोघं एकदम बोलले की टक्कर होते आणि दोघांचेही निरोप वाया जातात. मग प्रत्येकाने जणू फासा टाकायचा, येईल तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा पाठवायचं. परत टक्कर झाली तर फाशावरचे आकडे दुप्पट. १६ प्रयत्न फसले की नाद सोडायचा. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, हे तर परीक्षेला हमखास.

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या वर्गात हे चाललेलं असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण निरोप नक्की किती वेळात पोचेल?" विचारणारा मित्र कॉलेज संपलं की चाकणला एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायचा. मॅडम म्हणाल्या, सरासरी काढता येते. तो म्हणाला, "सरासरी घेऊन काय करू? भोसरीहून चाकणला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढाच आधी निघालो आणि तळेगाव चौकात अडकलो, तर माझं पंचिंग कोण करणार?" वर्ग हसला, तास संपला. मीही हसले होते. आता माझी पीएचडी त्याच प्रश्नावर चालू आहे, ते सोडा.

गंमत अशी की त्याच्या प्रश्नाचं उत्तर तो रोज हाताळत असलेल्या वस्तूंमध्येच होतं. इथल्या पट्ट्यात गाड्या आणि गाड्यांचे भाग बनतात. आजच्या गाडीत ब्रेक, इंजिन, काचा, डॅशबोर्ड या सगळ्यांचे छोटे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात, आणि ते ज्या तारांवरून बोलतात तिला कॅन बस म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. आकृती तीच, आडवी रेघ आणि लटकलेले चौकोन. फरक एवढाच की इथे फासा नाही.

बघा कसं. बसवर कुणी ० लिहिला आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणी १ लिहिला, तर सगळ्यांना ० दिसतो. शून्य भारी. प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला त्याचा आयडी असतो, साधारणपणे ११ बिटांचा. समजा ब्रेकच्या निरोपाचा आयडी ००१… असा सुरू होतो आणि काचेच्या निरोपाचा ०१०… असा. दोघांनी एकदमच सुरुवात केली. पहिला बिट दोघांचाही ०, कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या बिटाला काचेने १ लिहिला, पण तारेवर दिसतोय ०. म्हणजे आपल्यापेक्षा महत्त्वाचं कुणीतरी बोलतंय. काच तिथेच गप्प बसते. ब्रेकला टक्कर झाल्याचा पत्ताही नसतो, त्याचा एकही बिट बिघडलेला नसतो. मला हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना पकडून सांगत होते. आई म्हणाली, "नळावर असंच असतं."

एक नियम मात्र लक्षात ठेवा. निरोप एकदा आयडीच्या पुढे गेला की मधे तोडता येत नाही, मग मागून कितीही महत्त्वाचा निरोप येवो. एका फ्रेमचे जास्तीत जास्त १३५ बिट धरले, तर सेकंदाला ५ लाख बिटांच्या बसवर ही वाट २७० मायक्रोसेकंदांची. म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या निरोपाला काहीही बिघाड नसेल तर आधी फार तर २७० थांबायचं, नंतर स्वतःचे २७०. नक्की. सरासरी नव्हे.

बाकीच्या निरोपांचं काय? तो हिशोब इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात केन टिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडला. त्यावर आधारलेलं व्होल्कॅनो नावाचं साधन व्होल्व्होने एस८० या गाडीसाठी वापरलं. हिशोबाचं गृहीतक साधं होतं: सगळे निरोप एकाच क्षणी निघाले की गर्दी सर्वांत जास्त, तेव्हा पहिल्या खेपेला लागतो तोच सर्वांत वाईट वेळ. पटतं ना? मलाही पटलं होतं. आता कागद घ्या.

संथ बसवर अ, ब, क असे तीन निरोप आहेत, याच क्रमाने महत्त्वाचे. प्रत्येकाला तारेवर १ मिलिसेकंद लागतो. अ दर २.४ मिलिसेकंदांनी निघतो, ब आणि क दर ३.६ ने. क ३.२ च्या आत पोचायलाच हवा. सगळे ० ला निघाले. अ गेला, ब गेला, क २ ला सुरू होऊन ३ ला पोचला. मुदतीत! हिशोब इथे थांबला असता. पण क तारेवर असताना २.४ ला अ पुन्हा आला होता, त्याला ३ पर्यंत तिष्ठावं लागलं. तो ४ ला संपतो. तोवर ३.६ ला नवे ब आणि क आलेत. ब जातो, ५ वाजतात. आता क चा नंबर, पण ४.८ ला अ परत हजर. अ ६ ला संपतो, क ७ ला. ३.६ ला निघालेला ७ ला पोचला, म्हणजे ३.४. मुदत चुकली.

म्हणजे क ने पहिल्या खेपेला अ ला जे अडवलं, ते दुसऱ्या खेपेला त्याच्याच अंगावर आलं.

ही चूक दुरुस्त करणारा रॉबर्ट डेव्हिस, ॲलन बर्न्स, राइंडर ब्रिल आणि योहान लुकियन यांचा लेख २००७ साली आला. तेरा वर्षं तो हिशोब शिकवला गेला, वापरला गेला. यातले बर्न्स हे टिंडेल यांच्याबरोबर जुन्या हिशोबाचेही लेखक, आणि नव्या लेखाच्या शीर्षकातच जुनं खोडून काढल्याचं म्हटलंय. असं करायला छाती लागते, हे माझं मत. बसवर पुरेशी ढील ठेवलेली असेल तर हा प्रसंग ओढवत नाही. पण ज्या हिशोबाचा सगळा उपयोग हमी देण्यापुरता, त्याच्या हमीलाच भोक होतं.

फळ्यावरचं इथरनेटही आता तसं राहिलेलं नाही. स्विच आल्यापासून टकरी संपल्या, पण स्विचच्या आत रांगा लागतात आणि "नक्की किती वेळ" हा प्रश्न रांगेत जाऊन बसतो. कारखान्यातल्या रोबोंना आणि नव्या गाड्यांना वेळेची हमी देणारं इथरनेट हवंय. त्या रांगांमधला सर्वांत वाईट वेळ काढायचा, हे माझं काम. अर्थात पहिल्या खेपेवर विश्वास न ठेवता.

कागद हाताशी आहे तर अजून एक करून बघा. अ ला दर २.४ ऐवजी २.६ ने सोडा, बाकी सगळं तसंच. क ची दुसरी खेप किती वेळात पोचते?