खोल ड्रिलिंगला प्रत्येक पेक सारखाच कशाला?

फॅनुक कंट्रोलच्या लेथवर खोल भोक म्हटलं की आपण सरळ जी 74 लावतो. सोपी सायकल आहे, पण दोन मर्यादा आहेत. प्रत्येक पेक सारखाच, आणि ड्रिल भोकाबाहेर न येता फक्त आर इतकंच मागे सरकतं. चिप तुटते, पण बाहेर पडेलच असं नाही. व्यासाच्या तीन-चार पट खोलीनंतर फ्ल्यूट भरायला लागतात, कूलंट टोकापर्यंत पोचत नाही आणि आवाज बदलतो.

म्हणून सुरुवातीला मोठा पेक, मग लहान लहान. कस्टम मॅक्रो बी असेल तर व्हाइल लूपमध्ये हे छान बसतं. 10 मिमी ड्रिल, 80 मिमी खोली घ्या. पहिला पेक 20, पुढचा प्रत्येक आधीच्या 0.7 पट: 14, 9.8, 6.86. दर पेकला ड्रिल पूर्ण बाहेर, आणि परत जाताना आधीच्या तळाच्या 1 मिमी अलीकडेच रॅपिड थांबवायचा.

किमान पेक ठरवायलाच हवा, इथे 5 मिमी. तो नसेल तर 20 पासून 0.7 पटीने घटणाऱ्या पेकची बेरीज 66.67 मिमीच्या पुढे कधीच जात नाही. 80 येणारच नाही आणि लूप संपणार नाही! किमान 5 ठेवला की 10 पेकमध्ये काम होतं. सरसकट 5 चे घेतले तर 16 लागतात. शेवटचा पेक 80 ओलांडत असेल तर इफ लावून 80 वरच थांबवा.

नवा मॅक्रो आधी जॉबशिवाय, सिंगल ब्लॉकवर चालवून बघा. तुम्ही घट किती ठेवता, मटेरियलसकट कमेंटमध्ये नक्की लिहा.